वार्धक्य आणि मनाची धारणा



बुलढाणा जिल्ह्यात कोठेही जा, पारावर, देवळाच्या ओसरीवर किंवा एस. टी.च्या थांब्यावर दोन वृद्ध माणसे भेटली की एक बोलणे हटकून कानी पडते. एकाने विचारावे, "काय चाललं आबाजी?" आणि दुसऱ्याने म्हणावे, "चालाचं काय बाप्पा! आता काय राह्यलं आपलं? पिकलं पान. आज हाय, उद्या नाही." ऐकणारा मान डोलावतो आणि दोघेही गप्प बसतात.

हे बोलणे नम्रतेचे आहे, विरक्तीचे आहे, असे आपल्याला वाटते. कधी कधी ते तसे असतेही. परंतु रोज तेच बोलता बोलता ते मनात मुरते, आणि मनात मुरलेले अंगात उतरते. म्हातारपण टाळणे कोणाच्याच हाती नाही. मात्र म्हातारपणाकडे कोणत्या नजरेने पाहावे हे पुष्कळसे आपल्या हाती आहे, आणि त्या नजरेचा परिणाम प्रकृतीवर होतो. प्रस्तुत लेखात आम्ही एवढ्याच गोष्टीचा विचार करणार आहोत.

संतांच्या बोलण्याचा उलटा अर्थ

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कित्येक भाविक म्हणतात, "संतांनीच देहाची दुर्दशा वर्णिली आहे. दात पडतात, कान बधिर होतात, घरचे विचारीत नाहीत. मग म्हातारपणी आशा कसली धरायची?"

आता संतांनी ते वर्णन कोणासाठी केले हे पाहू. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतील दुःख व दोष ओळखणे हे एक लक्षण आहे. त्यावर ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरीत विस्ताराने लिहिले आहे. तेथे ज्ञानी पुरुष म्हातारपणाचा विचार करतो तो भर तारुण्यात. पुढे ही दशा येणार आहे हे ओळखून तो आधीच जागा होतो. हात चालतात तोवर दान करावे, वाचा आहे तोवर चांगले बोलावे, मन ठिकाणावर आहे तोवर आत्मज्ञानाचे चिंतन करावे, असा तेथील रोख आहे. म्हणजे तो सारा उपदेश झोपलेल्या तरुणाला हलवून उठवण्यासाठी आहे. जागा होऊन पाऊणशे वर्षे चाललेल्या माणसाला "आता आडवा हो" असे सांगण्यासाठी माउलींनी तो लिहिला नाही. ज्या हाताने अजून टाळ वाजतो आणि ज्या मुखाने अजून हरिपाठ होतो, त्याला माउलींचा निरोप एकच, की जेवढे शाबूत आहे तेवढे कामी लावा.

तीन वृद्धांची चरित्रे

आपल्या परंपरेकडे नुसती नजर टाकली तरी हे पटते. ज्ञानेश्वर माउलींनी एकविसाव्या वर्षी समाधी घेतली. नामदेवराय ऐंशी वर्षे जगले. त्यांचा काळ इ. स. १२७० ते १३५० असा मानतात. माउलींच्या समाधीनंतर नामदेवरायांनी उत्तरेकडे भक्तीचा प्रसार केला. पंजाबात घुमान येथे ते दीर्घकाळ राहिले असे परंपरा सांगते, आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. परक्या मुलखात, परक्या भाषेत हे कार्य त्यांनी उतारवयात केले. "आता काय राहिले?" असा हिशेब त्यांनी केला असता तर घुमान आपल्याला माहीतच झाले नसते.

दुसरे चरित्र आपल्या जिल्ह्याचेच. सिंदखेड राजा येथे जन्मलेल्या जिजाऊंची जन्मतारीख १२ जानेवारी १५९८ मानली जाते. १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्यास गेले, तेव्हा मागे स्वराज्याची काळजी वाहणाऱ्या जिजाऊ ६८ वर्षांच्या होत्या. मुलगा बादशहाच्या कैदेत, राज्य शत्रूंनी वेढलेले, आणि घरातील वडीलधारे माणूस म्हणजे ही वृद्ध माता! ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला, तो सोहळा त्यांनी पाहिला आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस रायगडाखालच्या पाचाडला देह ठेवला. त्या ७६ वर्षांच्या होत्या. आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यांपर्यंत त्यांना कोणी अडगळ समजले नाही आणि त्यांनीही स्वतःला तसे समजू दिले नाही.

तिसरे चरित्र शेजारच्या अमरावती जिल्ह्याचे. शेंडगावचे गाडगे महाराज १८७६ साली जन्मले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर असताना गेले. वय ८०. अखेरच्या वर्षी शरीर आजारांनी पोखरले होते, तरी कीर्तन सुटले नव्हते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांचे शरीर आजारी पडले नाही असे नव्हे. आजारपण आले तरी "माझे काम संपले" हा विचार त्यांनी मनात येऊ दिला नाही.

अलीकडच्या संशोधनाची साक्ष

कोणी म्हणेल, ही थोरांची उदाहरणे झाली. सामान्य माणसाचे काय? याचेही उत्तर आता मिळू लागले आहे.

अमेरिकेत ओहायो राज्यात ऑक्सफर्ड नावाचे एक लहान गाव आहे. तेथील पन्नाशीच्या पुढच्या लोकांची १९७५ साली एक पाहणी झाली. वय वाढेल तसा माणूस कमी उपयोगी होत जातो काय, पूर्वीइतका उत्साह वाटतो काय, अशा तऱ्हेचे प्रश्न त्यात होते. पुढे येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही व त्यांचे सहकारी यांनी त्यांतील ६६० जणांची तेवीस वर्षांपर्यंतची माहिती तपासली आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. आपल्या वाढत्या वयाकडे जे चांगल्या नजरेने पाहत होते, ते वाईट नजरेने पाहणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगले. वय, स्त्री-पुरुष भेद, सांपत्तिक स्थिती, एकटेपणा आणि आधीची प्रकृती यांचा हिशेब वेगळा काढूनही फरक उरला.

२०१२ साली याच अभ्यासकांनी सत्तरीच्या पुढच्या ५९८ लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. अंघोळ, कपडे घालणे, खुर्चीवरून उठणे, चालणे या साध्या गोष्टीही ज्यांना दुसऱ्याच्या मदतीवाचून होत नव्हत्या, त्यांतून पुन्हा स्वतःच्या पायावर कोण उभे राहते हे त्यांनी पाहिले. वार्धक्याविषयी चांगली धारणा असणाऱ्यांची पूर्णपणे सावरण्याची शक्यता शेकडा ४४ने अधिक निघाली.

तरुण मंडळींनी तर २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास लक्षात ठेवावा. अठरा ते एकोणपन्नास वयाचे जे लोक म्हाताऱ्यांना तुच्छ लेखत होते, त्यांना पुढच्या अडतीस वर्षांत हृदयविकाराचा त्रास अधिक झाला. आज आपण ज्या म्हाताऱ्याला हसतो, तो उद्या आपल्याच अंगात येऊन बसतो; आणि त्याला आपणच आधी हिणवून ठेवलेले असते!

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे, की अशा अभ्यासांतून दोन गोष्टी एकत्र चालतात एवढे निश्चित दिसते. एकीमुळेच दुसरी घडली, असे छातीठोक म्हणता येत नाही. ज्याची प्रकृती मुळात चांगली, त्याचे मनही प्रसन्न असणार, हे खरेच. म्हणून तर अभ्यासकांनी आधीच्या प्रकृतीचा हिशेब वेगळा काढला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली वयावरून माणसाला कमी लेखण्याविषयी एक अहवाल काढला, त्यातही अशा वृत्तीने प्रकृतीची हानी होते असे सांगितले आहे.

मनातले अंगात कसे उतरते?

एक दृष्टांत पाहा. मळ्यात दोन विहिरी आहेत. एकीचा उपसा रोज चालू आहे. दुसरीचा धनी म्हणाला, "जुनी झाली, आता कायचं पाणी?" आणि त्याने उपसा बंद केला. दोन-तीन वर्षांत तिच्यात गाळ साचला, झरे बुजले, पाणी हिरवे पडले. मग तोच धनी लोकांना सांगू लागला, "पाहा, मी म्हणत नव्हतो?" वास्तविक विहीर जुनी झाल्याने आटली नाही, उपसा थांबल्याने आटली.

शरीराचे असेच आहे. "आता वय झाले" म्हणून माणूस बाजेवर बसतो. बसून राहिल्याने पाय अशक्त होतात. अशक्त पायांनी तोल जातो. एकदा पडला की भीती बसते, आणि भीतीने तो आणखी बसून राहतो. निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवून पाहिले, तेव्हा दोन्ही पायांचे मिळून जवळजवळ एक किलो मांस झडले, असे २००७ सालच्या एका प्रयोगात आढळले. दहा दिवसांत एवढे, तर दहा वर्षांत किती? याच्या उलट, बॉस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या, अतिशय अशक्त अशा दहा वृद्धांकडून १९९० साली आठ आठवडे पायांचा व्यायाम करवून घेतला. शेवटपर्यंत टिकलेल्यांच्या पायांचे बळ दुपटीहून अधिक झाले. नव्वदीतसुद्धा झरे पुरते बुजलेले नसतात.

दुसरी वाट औषधोपचाराची. "हे वयाचंच हाय" असे ज्याच्या मनाने घेतले, तो दवाखान्यात जात नाही, गेला तर गोळ्या वेळेवर घेत नाही, आणि घेतल्या तर चार दिवसांत सोडतो. तिसरी वाट काळजीची. आपण निरुपयोगी आहोत हा सल रात्रंदिवस मनात असला की झोप उडते, अन्न गोड लागत नाही, रक्तदाब वाढतो. या तीन वाटांनी मनातले अंगात उतरते.

दोन शंका

येथे पहिली शंका अशी येईल, की देहाची एवढी चिंता करणे हे वारकऱ्याला शोभते काय? देह तर नाशवंत आहे.

त्याचे उत्तर असे. देह नाशवंत आहे हे खरे. पण वारी देहानेच होते. चंद्रभागेचे स्नान देहाने, टाळ देहाने, कळसाचे दर्शन डोळ्यांनी. पोथी नाशवंत आहे म्हणून तिला कोणी पावसात टाकीत नाही. धडपणे वस्त्रात बांधून ठेवतो. विरक्ती म्हणजे देहाची आसक्ती नसणे. देहाची हेळसांड करणे हे विरक्तीचे लक्षण कोणत्याही संताने सांगितलेले नाही.

दुसरी शंका अधिक महत्त्वाची आहे. मन प्रसन्न ठेवले म्हणजे आजार येणारच नाहीत काय? आणि जो आजारी पडला त्याचे मनच वाईट होते असे म्हणायचे काय?

असे म्हणणे चुकीचे तर आहेच, पण निर्दयपणाचेही आहे. चांगल्या मनाच्या माणसालाही मोतीबिंदू होतो, गुडघे झिजतात, पक्षाघात होतो. धारणा बदलली म्हणून औषध बंद करता येत नाही. उलट चांगल्या धारणेचा पहिला उपयोग हाच, की माणूस वय आणि व्याधी यांत भेद करू लागतो. केस पिकणे हे वय. डोळ्यांपुढे धुके येणे ही व्याधी, आणि शस्त्रक्रियेने ते धुके बहुधा दूर होते. चाल थोडी मंदावणे हे वय. छातीत दुखणे, थोडक्या चालण्याने दम लागणे ही व्याधी. एखादे नाव चटकन न आठवणे हे वय. रोजची घरची वाट चुकणे ही व्याधी. एकाएकी तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर अंगारा लावून सकाळची वाट पाहू नये. त्याच घडीला दवाखाना गाठावा. सतत उदास वाटणे, कशातच मन न लागणे हासुद्धा आजार असतो व त्यावर उपचार आहेत. त्याला वैराग्य समजून बसू नये.

आणि ज्याच्या पोटाला अन्न नाही, त्याला "मन प्रसन्न ठेवा" असे सांगणे ही थट्टा होय. आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात निंदणे-खुरपणे करून कंबर मोडलेल्या मायबाईला आधी भाकर, औषध आणि आधार द्यावा; मग प्रसन्नतेची गोष्ट काढावी. आईबापांना सांभाळणे हे मुलांवर २००७ सालच्या कायद्यानेही बंधनकारक आहे. पुंडलिकाच्या संप्रदायात मात्र त्यासाठी कायद्याची आठवण द्यावी लागू नये. ज्याने आईबापांच्या सेवेसाठी देवाला विटेवर उभे ठेवले, त्याच्या नावाचा गजर करून घरी म्हातारीला कोपऱ्यात बसवणे, हे कोणत्या भक्तीत बसते?

घरच्यांचे बोलणे

धारणा एकट्याच्या मनात उपजत नाही. ती चार लोकांच्या बोलण्याने घडते. "साठी बुद्धी नाठी" ही म्हण घरात दहा वेळा ऐकली, की एकसष्टाव्या वर्षी चष्मा कोठे ठेवला हे विसरलेला माणूस स्वतःच म्हणू लागतो, "खरंच, बुद्धी गेली आपली." तोच चष्मा नातू रोज तीनदा विसरतो, त्याला कोणी काही म्हणत नाही!

दुसरी चूक प्रेमापोटी होते. "बाबा, तुम्ही बसा. माय, तू कायले हात लावतं?" असे म्हणत सून-मुलगा हळूहळू एकेक काम काढून घेतात. हेतू चांगला असतो. पण शेवटी म्हाताऱ्या माणसाकडे बसण्याखेरीज काही उरत नाही. जड काम जरूर काढून घ्यावे. परंतु शेंगा फोडणे, तुळशीला पाणी घालणे, नातवाला पाढे व हरिपाठ म्हणवून घेणे, बियाण्याविषयी सल्ला देणे ही कामे त्यांचीच ठेवावीत. सल्ला विचारला तर तो ऐकावा. ऐकायचाच नसेल तर विचारू तरी नये. खोटा मान म्हाताऱ्यांना लगेच कळतो.

वारीची शिकवण

या बाबतीत आपल्या संप्रदायाने फार पूर्वीच एक चांगली व्यवस्था करून ठेवली आहे. दिंडीत वय विचारून कोणी पाया पडत नाही. सत्तरीचा वारकरी वीस वर्षांच्या पोराच्या पाया पडतो, पोरगा त्याच्या पडतो, आणि दोघेही एकमेकांना "माउली" म्हणतात. वीणा विश्वासाच्या माणसाच्या गळ्यात देतात, आणि तेथे पिकल्या केसांचे वजन उलट वाढते. तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन चालणारी आजी कोणाच्या दयेवर चालत नाही. दिंडीत तिचे स्वतःचे स्थान असते. सप्ताहात वीणेचा पहारा लावताना म्हाताऱ्यांची नावे कोणी गाळीत नाही.

शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखी दरवर्षी आषाढीसाठी पायी निघते आणि सातशे किलोमीटरांहून अधिक वाट चालून पंढरीस पोहोचते. मुक्ताईनगरहून निघणारी आदिशक्ती मुक्ताईची पालखी मलकापूर, मोताळा, बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा अशी आपल्या जिल्ह्यातून जाते. या वाटेवर उभे राहून पाहावे. चालणारे वृद्ध दिसतील, पाणी वाटणारे वृद्ध दिसतील, ओट्यावर बसून हात जोडणारेही दिसतील. ज्याला पायी झेपत नाही त्याने हट्ट धरू नये. त्याने एस. टी.ने जावे; ७५ वर्षांवरील प्रवाशांना महामंडळाने २०२२ पासून विनामूल्य प्रवासाची सवलत दिली आहे. तेही झेपत नसेल तर गावातच पालखीपुढे चार पावले चालावे. वारीत किती कोस झाले याचा हिशेब पांडुरंग ठेवीत नाही.

वृद्धांसाठी पाच नेम

वारकरी माणूस नेमाने चालणारा. म्हणून शेवटी पाच नेम सुचवितो.

पहिला नेम चालण्याचा. सकाळ-संध्याकाळ देवळापर्यंत जावे-यावे. बाजेवरून हातांचा आधार कमी कमी घेत उठण्या-बसण्याची सवय ठेवावी. काठी लागली तर घ्यावी. काठी, चष्मा, कानाचे यंत्र ही लाजेची लक्षणे नव्हेत, ती चालते राहण्याची साधने आहेत.

दुसरा नेम अन्नाचा. नुसता चहा आणि भाकरीचा तुकडा यावर अंगाला बळ राहत नाही. वरण, उसळ, दूध-दही रोज पोटात जावे. साखरेच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील त्यांनी एकादशीच्या उपवासाचे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे.

तिसरा नेम तपासणीचा. वर्षातून एकदा तरी डोळे, कान, रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. सत्तरीच्या पुढच्यांसाठी २०२४ पासून आयुष्मान योजनेत वेगळे कार्ड निघाले आहे, तेही काढून ठेवावे.

चौथा नेम सेवेचा. दिवसातून एक काम तरी असे असावे, की जे आपण केले नाही तर कोणाचे तरी अडेल. मुलांना हरिपाठ शिकवा, काकड्याला लोकांना हाक मारा, आजारी शेजाऱ्याजवळ घटकाभर बसा.

पाचवा नेम वाचेचा, आणि तो सर्वांत अवघड. "आता काय राहिले?" हे बोलणे तोंडी आले की तेथेच थांबावे आणि त्या जागी नाम घ्यावे. वाचा एकच आहे. तिच्यावर रडगाणे ठेवायचे की विठ्ठलाचे नाव, हे आपण ठरवायचे. देह जायचा तेव्हा जाईलच. तो जाईपर्यंत तो पंढरीच्या कामाचा आहे, ही एकच धारणा मनात पक्की झाली तर वार्धक्याचे निम्मे ओझे हलके होईल, आणि उरलेले निम्मे दहा जणांत वाटून घेण्यासाठी दिंडी आहेच.

रामकृष्णहरि.